कुलूप लावल्याशिवाय दोर नाही

वादळाने कललेले झाड घरालगत असेल, तर इंदापूर भागात ते उतरवायला महिपतीला बोलावतात. पण काम सुरू होते ते त्याच्या बायकोने, विजयमालाने, कुलूप मागितल्यावर. घरातली सगळी माणसे ती अंगणात उभी करते, एकेकाचे तोंड पाहते, पुढच्या-मागच्या दारांना कुलूप घालून किल्ल्या पदराच्या गाठीत बांधते आणि मगच दोर हातात घेते.

या सवयीमागची हकिकत लोणी देवकरच्या आसपास दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका तऱ्हेत विजयमाला कमालीची धाडसी आहे. दुसरीत त्या दिवशी तिच्या अंगात देवी आली होती. ती स्वतः दोन्ही नाकारते. तिचेच सांगणे ग्राह्य धरावे असे आहे, कारण त्यात तिचा मोठेपणा कुठेच नाही.

धाडसी ती कधीच नव्हती. महिपती झाडावर चढला की तो उतरेपर्यंत ती घोटभर पाणीही पीत नसे. दोर धरायला ती लागली तीही भीतीपोटीच. "घरी बसलं की फोन वाजला तरी काळीज लककन हलायचं. त्यापरीस डोळ्यांपुढं असलेला बरा," असे ती म्हणते.

मे महिन्यातल्या वादळात ज्ञानेश नावाच्या शेतकऱ्याच्या पेरूच्या बागेलगतचा जुना कडुनिंब घरावर कलला. एका बाजूची मुळे मातीसकट उपटून वर आली होती आणि सबंध झाड उरलेल्या मुळांवर तोलून राहिले होते. त्याची सर्वांत जड फांदी पत्र्याच्या खोलीवर झुकली होती. ती खोली ज्ञानेशच्या आईची, सरुबाईची.

ज्ञानेशचे म्हणणे, साखळी लावून ट्रॅक्टरने ओढू. उसाची रुतलेली ट्रॉली निघते तसे निघेल. महिपतीने मुळांकडे पाहून मान हलवली. "ट्रॉली रुतली तर जागच्या जागी ऱ्हाती. ह्ये हिसका बसला की फिरंल, आन् घरावरच येईल."

मग रीत ठरली. महिपती वर चढून फांदीला दोर बांधणार. तो दोर वरच्या बेचक्यातून खाली येणार, बांधावरच्या बाभळीला दोन वेढे घेणार आणि शेवट विजयमालाच्या हातात. फांदी कापली की दोरावर लोंबेल. ज्ञानेश बारीक दोरीने तिला अंगणाकडे ओढेल आणि विजयमाला ढील देईल. महिपतीने 'सोड' म्हटले की सोडायचे, का म्हणून विचारायचे नाही, हा नवरा-बायकोतला जुना नियम.

"घरात कोन न्हाय ना?" तिने विचारले.

"न्हाय वयनी. आय गोठ्यात हाय. सकाळधरनं बडबडतीया, माझ्या पत्र्याला पोचा आला तर बघा म्हणून."

विजयमालाने गोठ्याकडे पाहिले. लुगड्याचा हिरवा रंग दिसल्यासारखा वाटला आणि तेवढ्यावर तिने भागवले. तो रंग कडवळाच्या ओल्या चाऱ्याच्या पेंढीचा होता, हे नंतर कळले.

करवत चालली. फांदी सुटली, दोर ताणला, बाभळीची साल करकरली. ज्ञानेश ओढू लागला. पण एक डहाळी पत्र्याच्या कडेला अडकली आणि फांदी खोलीवरच लोंबत राहिली. करवत बंद झाली. त्या शांततेत विजयमालाला दोन आवाज ऐकू आले.

पहिला मुळांचा, ओले कापड फाडावे तसा. तिच्या देखत बुंध्याशी जमिनीला भेग पडत होती. लोंबणारी फांदी झाडाला आपल्यामागे ओढत होती आणि महिपती त्याच झाडाला कमरेने बांधलेला होता. दुसरा आवाज पत्र्याच्या खोलीतून आला. कोंबडी चिडून ओरडत होती आणि सरुबाई तिची समजूत घालत होती. "गप बाई, गप. अंडी बी घेते तुझी."

"सोड," वरून महिपती म्हणाला. करवतीने त्याचे कान बधिर झाले होते. खोलीतले त्याला काही ऐकू आले नव्हते.

विजयमालाच्या तोंडातून शब्द फुटेना. नुसती हनुवटी खोलीकडे गेली. ज्ञानेशला उमगले, दोरी टाकून तो आत धावला.

"विजे, सोड."

भेग रुंदावली. खोड हातभर खाली आले. महिपतीने दोन्ही हातांनी ते कवटाळले. आतून ज्ञानेशचा रडकुंडीला आलेला आवाज आला, "आय, चल गं," आणि त्यावर सरुबाईचा, "आधी कोंबडीचं डालगं तरी धर, मेल्या."

तिसऱ्या वेळी महिपतीने 'सोड' म्हटले नाही. नुसते तिचे नाव घेतले.

ज्ञानेश आईला उचलूनच बाहेर आला. तिच्या ओच्यात अंडी, काखेत खुडूक कोंबडी. आणि दोर सुटला. फांदी पत्रा फोडून सरुबाईच्या खाटेवर कोसळली. कडुनिंब थरथरला, भार उतरल्यासारखा किंचित वर आला आणि थांबला.

महिपती खाली उतरला. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "सोड म्हणलं की सोडायचं ठरलं हुतं."

"म्हातारी आत हुती."

तो बांधावर बसला आणि करवत पुसू लागला. सरुबाई तेवढी बोलत होती, लेकाने घाईत अंडी फोडली म्हणून.

पुढे ज्ञानेशने गावभर सांगितले, की वयनींनी नवऱ्याहून आमच्या आयचा जीव मोठा मानला. या कौतुकाची विजयमालाला धास्ती वाटते. तिने काही मानलेच नव्हते. "हात उघडलाच न्हाय," ती सांगते. "भ्यानं मूठ वळली ती वळलीच. दोर कवा सुटला ते बी मला ठावं न्हाय." तिने दोर धरून ठेवला की तो तिच्या मुठीत नुसता राहिला, याचा निकाल लागत नाही. लागावा असे तिलाही वाटत नाही. निकालाच्या एका बाजूला नवरा आहे. तशी वेळ पुन्हा येऊ नये, एवढेच करण्यासारखे होते, आणि त्याला कुलूप पुरते.

परवा बारामतीकडे एका बंगल्यापुढचा गुलमोहर उतरवायचा होता. घरधनी कुरकुरला, "आमच्याच घराला कुलूप, आन् आमीच उन्हात व्हय?" विजयमालाने उत्तर देण्याआधीच महिपतीने दार ओढून घेतले, कुलूप लावले, हिसडून पाहिले आणि किल्ली तिच्या हातात दिली. दोर कमरेला बांधला आणि चढू लागला.

तिने किल्ली पदरात बांधली, दोराचे वेढे तपासले आणि वर पाहिले. पहिल्या फांदीवर पोचल्यावर महिपती, कधी नव्हे तो, थांबला आणि त्याने खाली वळून तिच्या मुठीकडे पाहिले.