दस्तारीला लावलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो. ऐका, बस्स.

निजामाच्या अमलात मी उदगीरला वकिली करत होतो. कुणी काही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: बघू की. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. लोकांना तो सभ्यपणा वाटे, आणि मी वाटू देत असे.

दत्तोपंत मास्तरांनी धान्याच्या एका रिकाम्या वखारीत मराठी शाळा काढली होती. मुलींनाही घेत. माझी सखू तिथं जायची. जोडाक्षरं नुकतीच सुरू झालेली. मोठ्यानं वाचायची, अडायची, चिडायची, पुन्हा वाचायची. गावात मुलीला मराठी शिकवायला दुसरी जागा होती कुठे?

पण खाजगी शाळेला सरकारी परवानगी लागे, आणि ती मास्तरांकडे नव्हती. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले तेव्हा म्हणाले, गावातल्या प्रतिष्ठितांना शाळा हवी असेल तर त्यांनी कचेरीत येऊन तसं सांगावं. कचेरीत जायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर घरी आले. "वकीलसाहेब, तुमचा हात वर झाला की बाकीचे होतील." मी काय म्हणालो असेन? बघू की!

साहेबांसमोर जायचं तर डोक्याला दस्तार, म्हणजे दरबारी पगडी, अन् कमरेला बगलूसाचा पट्टा हवाच. मी तसा नटून पहिल्या रांगेत. शेजारी करीम शिंपी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, त्याची पोर शाळेत होती म्हणून आपणहून आला होता. साहेबांनी विचारलं, शाळा कुणाला हवी? करीमचा हात ताडकन वर. त्यानं मला कोपरानं ढोसलं. "वकीलसाब, उठवा की! काय बघून राहिलात?"

माझा हात निघाला — खरंच निघाला हो — कानापर्यंत आला आणि तिथंच अडकला. वकिलीची सनद गेली तर? खाली घ्यावा, तर मास्तर बघताहेत. वर न्यावा, तर साहेब.

साहेब हसले. "वकीलसाहब, हाथ उठाया है, या दस्तार सँभाल रहे हो?"

"दस्तार, हुजूर."

सगळे हसले. मीही हसलो — त्याची लाज अजून जात नाही. मागचे निम्मेशिम्मे उठलेले हात गुपचूप मांडीवर आले. करीमचा तेवढा वर राहिला. वखारीला कुलूप लागलं, मास्तरांना तालुका सोडावा लागला.

घरी सखू दारातच उभी. "आबा, शाळा हाय का न्हाई?"

म्हणालो, "मी हात वर केला होता पोरी. सरकारनं ऐकलं नाही."

सखूचं शिक्षण तिथंच थांबलं. आज तिला नातवंडं आहेत. एसटीची पाटी ती दुसऱ्याकडून वाचून घेते. पोरं विचारतात, आजी, तुला वाचता का येत नाही? तेव्हा ती अभिमानानं सांगते — शाळा बंद झाली रे, पण आमच्या आबानं भर कचेरीत शाळेसाठी हात वर केला होता. पोरं माझ्याकडे बघतात. मी डोक्यावरची टोपी सावरतो.