दहावी रेघ

जपानमधल्या कानाझावा शहरात, तळघरातल्या एका गाण्याच्या हॉलच्या दारावर मी एकोणीस वर्षं बसतेय. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "आज कोणाला ऐकायला आलात?" आणि त्या बँडच्या नावापुढे एक रेघ मारायची. रेघा दहाच्या खाली गेल्या, की मालक त्या बँडला पुढची तारीख देत नाही.

मित्सुयो दिवसा लाँड्रीत इस्त्री करते आणि चौघी बायकांच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. प्रेमगाणी तीच लिहिते, सगळी नवऱ्यावर. तो कधीच ऐकायला येत नाही, असं तिला वाटतं. खरं तर तो, तेरुआकी, दर वेळी येतो आणि खांबाआड उभा राहतो. "मी दिसलो तर तिचे हात थरथरतील, दुसऱ्या बँडचं लिहा," असं त्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

काल मित्सुयो तीनदा येऊन कागद बघून गेली. नऊच रेघा. ओठ चावून चावून तिने लिपस्टिक पार खाऊन टाकली होती.

मग तेरुआकी आला आणि पुन्हा दुसऱ्याच बँडचं नाव सांगायला लागला. माझं डोकंच फिरलं. "अहो, एकच माणूस कमी पडतोय. तुमच्या लाजण्यापायी तिचं गाणं बंद पडेल."

तो पांढराफटक पडला. "मग तिचंच लिहा," एवढं पुटपुटून खांबाआड गेला.

मित्सुयो चौथ्यांदा आली. "दहा झाले? हा दहावा कोण?"

"असेल कुणीतरी लाजाळू माणूस," मी म्हटलं.

तिने खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही. पण तिचे हात थरथरायला लागले.