ब्रोमेलियाडच्या वाटीतली मासोळी

जयाचं माहेर मूल गावाजवळ, तलावावर मासे धरणाऱ्यांचं. सासर चंद्रपूरला, तिसऱ्या मजल्यावर. लग्न झाल्यापासून भाजीबाजारापलीकडे पाऊल पडेल तर शपथ! विरंगुळा एकच, गॅलरीतलं ब्रोमेलियाड. पानांच्या मधल्या वाटीत पाणी असलं की हे झाड खूश.

पण सासू गुणाबाई आठवड्यातून एकदा, पाणी साठू न देण्याच्या कोरड्या दिवशी, हंड्या-बादल्यांसोबत ती वाटीही उपडी करायच्या.

"काऊन वो, डेंगू पाळाचा हाय का घरात?"

जयानं भेटायला आलेल्या भावाकडून माहेरच्या तलावातली पेरभर मासोळी मागवली नि वाटीत सोडली. मासोळीनं डासांच्या अळ्या फस्त केल्या. सासूबाईंनी वाटी उपडी करणं सोडलं. पण मासोळीला तिथं धड वळताही येईना. तिच्याकडे बघताना जयाचाच जीव कोंडायचा.

हे झाड एकदाच फुलतं. फूल सुकलं, बुडाशी पिल्लू आलं, आईची पानं वाळून वाटी गळू लागली. पिल्लू अर्ध्या आईएवढं झालं तेव्हा जयानं ते सुरीनं कापून दुसऱ्या कुंडीत लावलं. त्याची वाटी मात्र मासोळीला फारच अरुंद.

"आमच्या तलावात नेऊन सोडू का यिले?" तिनं नवऱ्याला, प्रफुलला, भीतभीत विचारलं.

"त्यात काय! उद्या मूलले चाललोच हाय, मीच सोडून देतो. तू कायले तरास घेतं?"

सकाळी प्रफुल निघायच्या आधी जयानं मासोळी पाण्याच्या पिशवीत घातली. पिशवीचं तोंड बांधताना आत थोडी हवा राहू दिली.