आप्पांचं टिंब रांजणगावात थांबलं

मंडळी, दुपारपासून कामात लक्ष नाही, म्हणून इथं सांगतोय.

जीपीएसवाल्या मोबाईलसाठी मी एक ॲप्लिकेशन बनवतोय. आपलं माणूस कुठं आहे ते नकाशावर टिंब होऊन दिसतं. आज टेस्टिंगचा फोन वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या खिशात टाकला. ते शिरूरहून दौंडला पाहुण्यांकडं निघाले होते.

टिंब दौंडकडं वळलंच नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत जाऊन थांबलं ते हलेचना. आप्पा फोनही उचलेनात. घाबरून गाडी काढली.

एका कंपनीच्या भिंतीपाशी आप्पा मातीत बसले होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

"आप्पा, काय झालं?"

"काय न्हाई. मेंढरं घेऊन फिरायचो तवा आमचा तळ हितं पडायचा. तुझी थोरली बहीण तापानं गेली. तिला हितंच पुरली आन् सकाळी मेंढरं पुढं हाकली."

मला बहीण होती, हे मला आज कळलं.

मी माझ्या फोनवर त्यांना त्यांचं टिंब दाखवलं. ते जागच्या जागी थरथरत होतं.

"म्या उठलो की ह्ये बी हितनं जाईल व्हय?"

"हो आप्पा. फोन जाईल तिकडं टिंब जाणार."

मग गाडीवर बसवून त्यांना घरी आणलं.

आत्ता आप्पा बाहेर ओट्यावर बसलेत. खिसा रिकामा आहे. आणि टिंब अजून रांजणगावातच थरथरतंय. बॅटरी संपली की जाईल.

मंडळी, फोन आणायला जाऊ, का चार्जर घेऊन जाऊ?