फुगलेली बॅटरी आणि आबांचं दाभण

लग्न होऊन धुळ्यात आले त्याला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत मी आबांशी एक शब्दही बोलले नव्हते. आबा म्हणजे माझे जेठ, ह्यांचे थोरले भाऊ. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे भावजय जेठांसमोर बोलत नाही आणि डोक्यावरचा पदर पडू देत नाही. आता पुष्कळ घरांत ही रीत राहिलेली नाही. देवपुरातल्या आमच्याच गल्लीतल्या सुना जेठांच्या मोटारसायकलवर मागे बसून बँकेत जातात. मलाही कोणी बोलू नको असं म्हणत नव्हतं. पण मी मुळात लाजाळू. न बोलण्याची आयती सोय मिळाली होती, ती मी कशाला सोडू?

न बोलताही घर चालतं. आबा शेजारच्या खोलीत एकटे राहतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. दाराशी आले की खाकरतात, मी आत सरकते. पाणी हवं असलं तर ते घराला विचारतात, "घरमा पानी शे का?" मी उंबऱ्याजवळ तांब्या ठेवते. मला काही सांगायचं असलं तर लेकीच्या तोंडून सांगते. लेक घरी नसली तर मांजरीला सांगते. "मांजरे, आज भाकरी ज्वारीची आहे, कोणाला बाजरीची हवी असेल तर कालची शिल्लक आहे." मांजर काही बाजरीची मागत नाही, पण आबांचं ताट जरा पुढे सरकतं.

पांझरेच्या पुलाजवळ आबांचं चाळीस वर्षं सायकलचं दुकान होतं. दुकान गेलं, पण हत्यारांची पिशवी राहिली. जगात जे काही बिघडतं ते सायकलसारखंच बिघडतं, हा विश्वासही राहिला. आमचा मिक्सर घरघरायला लागला तेव्हा त्यांनी त्यात वंगणाचं तेल सोडलं. पुढे दोन महिने शेंगदाण्याची चटणी आम्ही त्या वासासकट खाल्ली. मी हे मांजरीला दोनदा सांगितलं. उपयोग झाला नाही.

लेकीकडे एक जुना लॅपटॉप होता, तिच्या मामाने वापरून दिलेला. कॉलेजच्या कामासाठी ती चार दिवस शिरपूरला मैत्रिणीकडे गेली होती. जाताना म्हणाली, "आई, रविवारी दुपारपर्यंत मी येते. सकाळी लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेव, आल्याआल्या लागेल." मी हो म्हटलं. वायर कुठे लावायची एवढं मला येतं.

त्याआधी आठ दिवस तो लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता. आम्हाला वाटलं टेबलाचा पाय आखूड झाला. मी पायाखाली पुठ्ठा घातला, मग आणखी एक घातला. टेबल तिरकं झालं तरी लॅपटॉप डुगडुगतोच. त्याच्या पोटाकडे बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

रविवारी सकाळी वायर लावली, घरातली कामं आटोपली आणि अकराच्या सुमाराला बघते तर त्याचं झाकण नीट बसेना. उघडून पाहिलं तर मधली बटणं वर आलेली, खालून कोणी गुडघा लावावा तशी. मी झाकण दाबलं की ते हळूच वर येई. आता पापडाची कड वर आली तर आपण काय करतो? वजन ठेवतो. मी लोणच्याची बरणी आणून त्यावर ठेवली. बरणी जराशी डुलली आणि स्थिर झाली. मला बरं वाटलं.

बाराला आबा खाकरले. मी आतल्या खोलीत गेले. ते जेवायला बसले आणि जेवता जेवता त्यांची नजर टेबलाकडे गेली.

"हाई काय शे? लॅपटॉपवर लोनचं?" ते घराला म्हणाले. घर गप्प राहिलं.

हात धुऊन त्यांनी बरणी खाली ठेवली, लॅपटॉप उचलून कानाशी धरला, खालून बोटाने टकटक केलं. "फुगना शे," ते म्हणाले. "हवा भराई गयी." आणि पिशवी आणायला गेले. पिशवीतून चष्म्याचे स्क्रू काढायचा छोटा पेचकस निघाला. लॅपटॉप पालथा घालून ते एकेक स्क्रू काढू लागले. शेवटचा स्क्रू निघताच खालचं झाकण आपणहूनच टच्च करून उघडलं.

मी दाराच्या फटीतून बघत होते. आत एक चंदेरी पुडी होती, तळताना पुरी फुगते तशी टम्म फुगलेली. पुरीचा वास चांगला येतो, हिला मात्र गोडसर, औषधासारखा वास होता.

"ट्यूब!" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला, जणू दुकान पुन्हा उघडलं. "घमेलाभर पानी लागी. पहिले बुडवी दखू, हवा कथाईन निंघस ते. मंग दाभननं काढी टाकसू."

आता मला लाज वाटते, पण मी पाण्याचं घमेलं भरून उंबऱ्याजवळ ठेवलं. जेठांनी पाणी मागितलं की द्यायचं, एवढंच डोक्यात बसलेलं. मग स्वयंपाकघरात येऊन, मनाला काही बरं वाटेना म्हणून, लेकीला फोन लावला. ती बसमध्ये होती.

"आई, बरणी? लॅपटॉपवर बरणी ठेवलीस?"

"ती काढली गं. आता आबा तो घमेल्यात बुडवणार आहेत. नंतर टोचणार आहेत."

मग ती भराभर बोलायला लागली. "आई, ऐक. ती बॅटरी आहे. आधी भिंतीवरचं बटण बंद कर, मग वायर काढ. पाणी नाही, दाबायचं नाही आणि टोचायचं तर मुळीच नाही. टोचली तर पेटते. धूर निघतो, जाळ उडतो. आबा तोंड जवळ नेऊन बघतात ना, त्यांच्या तोंडावर येईल. माझं काम पेनड्राइव्हमध्ये आहे, लॅपटॉप गेला तर जाऊ दे. आबांना फोन दे, आबांना..."

आणि फोन तुटला. परत लावला तर लागेना. ह्यांना लावला तर ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर, मशीनच्या आवाजात त्यांना घंटी ऐकू येत नाही. घरात मी, आबा आणि मांजर.

मी पदर सावरून बाहेर आले, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि वायर काढली. आबांनी मान वर केली नाही. मग मी मांजरीकडे तोंड करून म्हटलं, "मांजरे, ती टोचायची नाही म्हणे. आग लागते म्हणे." मांजर झोपलेली होती. आबांचा माझ्याकडचा कान दुकानातल्या हवेच्या पंपाने केव्हाच निकामी केलेला.

तेव्हा मी घमेलं उचललं आणि पाणी मोरीत ओतून दिलं. आबांनी मागे हात नेला, हाताला काही लागेना. "आथं पानी व्हतं ना?" त्यांनी घराला विचारलं. "जाऊ दे. बिगर पानीनंच करसूत." आणि पिशवीतून दाभण काढलं.

मी जोरात खाकरले. आबांनी दाराकडे पाहिलं. "कोन शे? ये ना भाऊ, बठ."

कोणी आलं नाही हे बघून ते पुन्हा वाकले. त्यांना बारीक काही नीट दिसत नाही, म्हणून तोंड त्या पुडीपासून वीतभरावर. चष्मा दोऱ्याने लोंबत होता. दाभणाचं टोक त्यांनी पायजम्यावर पुसलं आणि पुडीच्या कडेला टेकवलं.

"आबा!" मी ओरडले. "ठेवा ते खाली! हात लावाल तर बघा!"

मांजर उठून पळाली. शेजारीण खिडकीत आली. माझा पदर खांद्यावर होता आणि तो वर घ्यायला हात उचलेना. आबांनी दाभण जमिनीवर ठेवलं, अगदी हळू, पोलिसाने सांगावं आणि चोराने ठेवावं तसं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू बोलस?" ते म्हणाले.

एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. टोचू नका, दाबू नका, पाणी नको, पेटते, तोंडावर उडते, तुमचे डोळे जातील, आम्ही काय करायचं, हे सगळं सांगितलं. त्याच ओघात मिक्सरमधलं तेलही निघालं. ते निघायला नको होतं, पण निघालं. आबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, बरं. मंग आते काय करानं ते सांग."

शेजारी बांधकाम चालू होतं. मी घमेलं कोरडं पुसून त्यात तिथली सुकी वाळू आणली. आबांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी आडवा धरला, अंडी भरलेलं ताट न्यावं तसा, आणि वाळूवर ठेवला. झाकण लावायचा प्रयत्न केला नाही. कडेनं आणि वरून मी आणखी वाळू घातली. घमेलं अंगणाच्या मध्यावर ठेवलं, वाळत घातलेले कपडे काढून घेतले आणि आम्ही दोघं लांब दोन बाजूंना बसलो. दूध तापत ठेवल्यावर बघत बसावं तसे त्या घमेल्याकडे बघत.

बराच वेळ गेला. मग आबांनी विचारलं, "तुनं माहेर कोनतं?"

"भडगाव."

"माले माहीत शे. तुले दखाले मीच गयथू."

"मग विचारलंत कशाला?"

"काहीतरी बोलाले पाहिजे ना," आबा म्हणाले.

तेवढ्यात लेकीचा फोन लागला. तिने पुलापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारून ठेवलं होतं. दुकान उघडं होतं, लॅपटॉप आहे तसा, न दाबता घेऊन या म्हणाले होते. आबांनी रिक्षा बोलावली. घमेलं त्यांनी पायांशी ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरलं. मी कडेला बसले. रिक्षावाल्याने वळून वाळूकडे पाहिलं, आबांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं, माझ्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि आपली टोपी काढली.

"कोण गेलं काका?"

"कोनी गयं नई. बॅटरी शे," आबा म्हणाले.

त्याला ते पटलं नसावं. माणूस दुःखात काहीही बोलतो. पुलापर्यंत त्याने रिक्षा चालत गेल्यासारखी नेली आणि पुलाशी थांबवून हलकेच विचारलं, "इथून खाली नदीवर जायचंय ना?" आबा चिडले. मीच मग म्हटलं, "नाही दादा, लॅपटॉपच्या दुकानात." दिवसभरात मी किती परक्या माणसांशी बोलले, हे रात्री मोजून मलाच घाबरल्यासारखं झालं.

दुकानदाराने हातमोजे घातले आणि घमेलं मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. परत येऊन विचारलं, "कोणी दाबली होती का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"लोणच्याची बरणी ठेवली होती," मी म्हटलं. "कैरीचं. मोठी बरणी."

"आणि टोचली?"

मी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं. "टोचणार होतो, पण टोचली नाही."

"वाचलात काका," तो म्हणाला. "जुनी झाली की आत वायू धरते. फुगलेली दिसली की चार्जिंग बंद, लॅपटॉप बंद, आणि सरळ आमच्याकडे आणायची. घरी उघडायचीसुद्धा नाही. कचऱ्यातही टाकायची नाही, ह्या वेगळ्या जातात."

आबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हेच सांगत होते, सगळ्यांना, पहिल्यापासून. आपली चूकही त्यांनी लपवली नाही. "मी टोचनारच व्हतू," ते म्हणाले, "पन आमनी भावजय अशी वरडनी, मना बहिरा कान उघडी गया." त्या दिवसापासून बायका आपापले मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, हा फुगलाय का गं? मला त्यातलं काही कळत नाही. मी टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघते आणि डुगडुगला तर दुकानात पाठवते.

आबाही आता माझ्याशी सरळ बोलतात. यात एक झालं. पंचवीस वर्षं मला वाटत होतं की माझ्या हातचं वांग्याचं भरीत त्यांना आवडतं.

परवा ते आपला जुना टॉर्च घेऊन आले. आत सेल गळून पांढरी भुकटी जमली होती.

"हाई नखनं खरडू का?"

"नको."

"हाई तर फुगेल बी नई."

"तरी नको. लेकीला विचारू."

आबा उंबऱ्यावर बसले. बराच वेळ टॉर्च हातात फिरवत राहिले.

"पहिले बरं व्हतं," ते म्हणाले. "तू बोलत नव्हती."

"हो," मी म्हटलं. "आणि तो टॉर्च इकडे द्या."