नवीन आहे, डोंबिवलीत केलेलं

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेंभी नाक्यावर पत्रकं वाटत होते. त्यांच्या बायकोचा, प्रमिलाकाकूंचा आवाज अगदी सपाट होता. "काका गेले गं सकाळी. येशील ना? की अजून राग आहे?" येते म्हटलं. पण राग होताच. माणूस गेला की राग आपोआप निवतो म्हणतात, माझा निवला नाही. आमच्या टेकडीच्या प्रकरणात हा माणूस बिल्डरला फितूर झाला होता की नाही, एवढं एकच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं... ते राहून गेलं.

काका मूळचे कल्याणचे कुंभार. डोंबिवली पश्चिमेला खाडीकडच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड. तिथे माठ नाहीत, पणत्या नाहीत. तिथे ताम्रपाषाण काळातला लाल-काळा तोटीचा लोटा, हडप्प्याचं भोकाभोकांचं भांडं, सातवाहनांच्या काळातले वाडगे, सगळं नव्याने घडायचं. शाळांसाठी, संग्रहालयांसाठी, मालिकांच्या सेटसाठी. माणूस महा संशयी. गिऱ्हाईक आलं की आधी उलटतपासणी. "घरी ठेवणार? घरी म्हणजे कुठे? आणि कुणी विचारलं तर काय सांगाल?" या शेवटच्या प्रश्नाला "नवीन आहे, डोंबिवलीत केलेलं" असं उत्तर आल्याशिवाय भांडं हातात मिळायचं नाही. नौपाड्यातून एक शौकीन गृहस्थ आलेले, ते हसायला लागले, तर काकांनी लोटा परत फळीवर ठेवला. "हसून झालं की या." शिवाय मातीत ते काकूंच्या फुटक्या हिरव्या बांगड्यांचा चुरा चिमूटभर मिसळायचे. भाजताना काच वितळायची आणि भांड्याच्या आत बारीक हिरवे ठिपके राहायचे. वरून काही कळायचं नाही. फोडलं की दिसायचं. मी म्हटलं, "काका, एवढा अविश्वास?" तर म्हणाले, "पुढारीणबाई, तुमचा कुणावर आहे?"

मग ती टेकडी. खाडीकाठची, फार उंच नाही, गृहसंकुलासाठी कापायला काढलेली. आम्हाला तिथे जुनी खापरं सापडली. एका जाणकाराने सातवाहनकाळची असावीत असं सांगितलं आणि आमची समिती पेटून उठली. मातकट, नखाएवढे तुकडे ते. पण नंतर काही रंगवलेलेही मिळाले, काळ्या रेघांचे, देखणे. पत्रकावर अर्थातच त्यांचा फोटो छापला. समोरची बाजू लगेच ओरडली, ही सगळी त्या डोंबिवलीच्या कुंभाराची कारागिरी! ठीक आहे, मग कुंभारालाच बोलवा, आम्ही म्हटलं. साक्षीदार फिरवला असं कुणी म्हणू नये म्हणून सुनावणीपर्यंत त्यांना एकही खापर दाखवलं नाही.

सुनावणीला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात पक्कड. परवानगी घेऊन एकेका खापराची कड मोडायची, उजेडात धरायची, बाजूला ठेवायची. "माझं नाही... माझं नाही..." मी मनात घोषणा देत होते. मग रंगवलेले तुकडे आले. काकांनी पहिला मोडला, आतले हिरवे ठिपके उजेडात दाखवले. "हे माझं आहे." दुसरा. "हेही." मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. "बाकीची माझी नाहीत, ते पण लिहा," काका दोनदा म्हणाले. ते कोण लिहितंय? दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच, खापरं बनावट. महिन्याभरात मशिनं टेकडीवर चढली.

मी शेडवर गेलेले. चहाला नाही म्हटलं. "तुमचे तुकडे टेकडीवर गेले कसे?" काका चाकावरची माती खरवडत राहिले. "मी नाही टाकले." "मग कुणी?" गप्प. गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल मी काय समजायचं? त्यात बातमी लागली, की बिल्डरच्या माजिवड्याच्या ऑफिसात काकांची भांडी मांडलीत. मी गिऱ्हाईक बनून पाहून आले. काचेच्या फळीवर लोटा, खाली दिवे. "हे काय आहे?" विचारलं, तर तिथली पोरगी पाठ केल्यासारखी म्हणाली, "मॅडम, हे नवीन आहे, डोंबिवलीत केलेलं." बस. म्हणजे यांनी त्यांनाही माल दिला, प्रश्न विचारून, उत्तर घेऊन! त्यानंतर मी काकांशी बोलले नाही. आमच्या समितीतल्या प्रत्येकालाही विचारून झालं होतं. सगळ्यांनी शपथा घेतल्या. एकाही शपथेवर माझा विश्वास बसला नाही.

दिवसपाणी झाल्यावर काकूंकडे गेले. शेडमध्ये चाक पोत्याखाली झाकलेलं. काकूंनी फळीवरून एक लोटा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "तुमच्या समितीतला तो उंच, चष्मेवाला... शाळेत प्रदर्शन आहे म्हणून रंगवलेले फुटके तुकडे पिशवी भरून नेले होते त्याने. यांनी त्यालाही विचारलं, कुणी विचारलं तर काय सांगशील? म्हणाला ना तो, नवीन आहे, डोंबिवलीत केलेलं."

मी विचारलं, "काकांनी मला सांगितलं का नाही?"

"मी म्हटलं होतं सांगा. तर म्हणाले, आत्ता सांगितलं तर ही पोरं एकमेकांची डोकी फोडतील. अर्धी टेकडी उरलीय, ती कोण बघणार?"

काका, हा मोठेपणा मला मान्य नाही. तुम्ही फितूर नव्हता, हे आज इथे छापून सांगते. पण तुम्ही बोलला असतात, तर आमच्यातली कीड तेव्हाच निघाली असती आणि तुमच्या "माझी नाहीत" या शब्दाला वजन आलं असतं. गप्प राहून तुम्ही कुणाला वाचवलंत? जुनी खापरं साधी, मातकट, म्हणून ज्याला ती पुरेशी वाटली नाहीत, त्याला.

काकूंनी लोटा मला दिला, पण हातातून लगेच सोडला नाही. त्यांची नजर कळली. मी उत्तर दिलं, मगच सोडला.

आता तो समितीच्या टेबलावर असतो. उरलेल्या टेकडीसाठी दर रविवारी बैठक होते. त्या उंच मित्राचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हे वाचतोय. गेल्या रविवारी सगळे जमल्यावर मी लोटा सरकवत त्याच्यापुढे नेला आणि विचारलं, "कुणी विचारलं तर काय सांगशील?" त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला...

लोटा तिथेच ठेवलाय, त्याच्या खुर्चीसमोर. येत्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.