एकशेवीस-ऐंशी

गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बीपी तपासायला घरी यायच्या. आई त्या दिवशी सकाळीच केस विंचरून ओट्यावर बसायची. बाई तिच्या दंडाला पट्टा बांधायच्या, फुगा दाबायच्या, डोळे बारीक करून काट्याकडे बघायच्या आणि कार्डावर लिहायच्या, एकशेवीस-ऐंशी. "एकदम नॉर्मल, आई." मग चहा. दिवाळीला चकलीचा पहिला घाणा त्यांच्यासाठी बाजूला निघायचा. मला, पोटच्या पोराला, दुसऱ्यातलं मिळायचं.

मी तर त्या बाईंचा भक्तच होतो म्हणा. वडवणीच्या बाजारात कुणी सरकारी दवाखान्याला नावं ठेवली की मी भांडायला उठायचो. आईचं कार्ड खिशातून काढून दाखवायचो सुद्धा.

उन्हाळ्यात आईला चक्कर यायला लागली. बीपीची रोजची गोळी चालू होती, तरी डोकं जड, कानात गुणगुण. बीडला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवून मी गाडी सांगितली. नेमका मंगळवार होता. बाई आल्या, पट्टा बांधला. एकशेवीस-ऐंशी. "ऊन लई हाय, लिंबूपाणी द्या," म्हणाल्या. मी गाडी परत पाठवली. आई खूश झाली, तिला बीडला जायचं नव्हतंच.

नवव्या दिवशी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीत पडला, तो तिला उचलताच आला नाही. लकवा.

बीडच्या दवाखान्यात मी डॉक्टरांपुढे मोठ्या विश्वासाने ते कार्ड ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "माणसाचा बीपी दहा महिने एकच राहत नाही," म्हणाले आणि कार्ड परत दिलं. त्यांनी माझी अक्कल काढली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मी उपकेंद्रात गेलो. बाईंनी काही लपवलं नाही. पिशवीतलं मशीन टेबलावर ठेवून फुगा दाबला. काटा जागचा हलला नाही.

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून. तीनदा लिहून दिलं, एकदा सोता बीडला गेलते. साहेब म्हणले, येईल नवं, तवर रकाना मोकळा ठेवू नका."

"मग पट्टा कावून बांधायच्या तुमी?"

"आईंना त्याच्याबिगर बरं वाटायचं न्हाई."

तीन गावं आणि एकटी बाई, हे मला कळत होतं. वरच्या साहेबाला मी कधी पाहिलेलं नाही, त्याने फसवलं याचं फारसं दुःखही नाही. पण ही आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायलेली. राग आला तो हिचाच. घरी येऊन तक्रार लिहायला घेतली, ती अजून अर्धीच पडली आहे.

आईला मी काही सांगितलं नाही. बाई दिसल्या की तिचं वाकडं झालेलं तोंड अजूनही हसतं. मागच्या मंगळवारी त्या नवं मशीन घेऊन आल्या. आईने लुळा हात मांडीवर ठेवून डावा पुढे केला. काटा सरसर वर गेला. माझ्याकडे न बघता बाई म्हणाल्या, "एकशेसत्तर."

आईचा चेहरा पडला. जड जिभेने एकेक शब्द जुळवत ती त्यांना म्हणाली, "ह्ये मशीन खोटं हाय माय. मागलंच खरं व्हतं."